एकच भूकंप, दोन आकडे

(दृश्य : कोअरच्या पेट्या, जवळून)
हा काळा दगड म्हणजे दख्खनचा बेसॉल्ट. कोयनेजवळ रासाटीला बोअर घेतली तेव्हा ९३२ मीटरवर तो संपला आणि हा फिकट ग्रॅनाइट लागला. कोयनेचे भूकंप याच खडकात, पण आणखी कित्येक किलोमीटर खाली होतात. १९६७च्या डिसेंबरातला ६.३ मॅग्निट्यूडचा धक्काही तिथूनच आला.

भ्रंश, म्हणजे खडकातली भेग, सरकला की त्यावरचा जेवढा ताण उतरतो, तो स्ट्रेस ड्रॉप. तिथे उतरून तो मोजता येत नाही. वर पोचलेल्या लहरींवरूनच काढावा लागतो.

(दृश्य : पडद्यावर भूकंपलेख, मग वर्णपट)
एस लहर म्हणजे भूकंपाची दुसरी, जमीन आडवी हलवणारी लहर. तिचा एवढा तुकडा कापून वर्णपट काढला, म्हणजे कोणत्या वारंवारतेला लहर किती जोरकस, याचा आलेख. डावीकडे, कमी वारंवारतेला, आलेख सपाट आहे; त्याच्या उंचीवरून सिस्मिक मोमेंट, म्हणजे भूकंपाचा आकार, मिळतो. आलेख खाली वळतो, ती कॉर्नर फ्रिक्वेन्सी. भ्रंशाचा सरकलेला तुकडा जितका मोठा, तितकं हे वळण डावीकडे.

उदाहरणादाखल ३ मॅग्निट्यूडचा भूकंप घेऊ. एस लहरीचा वेग सेकंदाला साडेतीन किलोमीटर, वळण १० हर्ट्झला. वळणावरून त्रिज्या काढायला ब्रून या शास्त्रज्ञाचा गुणांक ०.३७ लावला तर सरकलेल्या तुकड्याची त्रिज्या १३० मीटर आणि स्ट्रेस ड्रॉप ८ मेगापास्कल. मादारियागा या दुसऱ्या शास्त्रज्ञाचा ०.२१ लावला तर त्रिज्या ७४ मीटर आणि स्ट्रेस ड्रॉप ४४. नोंद तीच! स्ट्रेस ड्रॉपच्या सूत्रात त्रिज्येचा घन येतो, म्हणून वळण १० ऐवजी १२ला वाचलं तरी ८चे जवळजवळ १४ होतात. गुणांक न सांगता छापलेला आकडा दुसऱ्या आकड्याशेजारी मांडूच नये.

आणि वळण वाचणंही अवघड. वरचा भेगाळलेला थर जास्त वारंवारतेच्या लहरी गिळतो, त्यामुळे आलेख लवकर वाकतो. एकेका वर्णपटावर वक्र बसवण्याची पद्धत इथेच अडते : यातलं भूकंपाचं किती आणि लहरीच्या वाटेचं किती?

(दृश्य : दोन भूकंपलेख एकमेकांवर)
म्हणून हा दुसरा लेख. त्याच जागचा, एका मॅग्निट्यूडने लहान भूकंप. एका वर्णपटाला दुसऱ्याने भागलं की वाटेचा आणि भूकंपमापक ठाण्याखालच्या जमिनीचा परिणाम दोन्हीकडून कटतो. आम्हाला सर्वात भरवशाची वाटते ती ही पद्धत. मात्र दोन्ही लेखांचा आकार जुळला पाहिजे आणि लहानग्याचा संकेतही गोंगाटाच्या किमान तिप्पट हवा. लहानग्याचं वळण ३२ हर्ट्झच्या आसपास पडतं. सेकंदाला १०० नमुने घेणाऱ्या यंत्राला ५० हर्ट्झच्या पुढचं काही कळत नाही. त्याहून लहान भूकंपांची वळणं त्या टोकाशी साचतात आणि स्ट्रेस ड्रॉप खोटाच कमी दिसतो.

हजारो नोंदी एकत्र सोडवण्याचीही रीत आहे. तिला आधाराला पक्क्या खडकावरचं एखादं ठाणं लागतं. कॅलिफोर्नियात रिजक्रेस्टच्या २०१९च्या भूकंपांच्या त्याच नोंदी अनेक गटांनी आपापल्या पद्धतीने सोडवल्या, आणि उत्तरं विखुरली.

धरणाला बसणाऱ्या हादऱ्याचा अंदाज याच आकड्यांवर बांधला जातो.

(दृश्य : बोअरमध्ये उतरणारा भूकंपमापक)
कोयनेत काही भूकंपमापक बेसॉल्टच्या खाली, थेट ग्रॅनाइटमध्ये बसवले आहेत. गोंगाट कमी, वरचा थर टळलेला. पण लहर जमिनीच्या पृष्ठभागावरून परतून पुन्हा यंत्रावर येते आणि वर्णपटात खड्डे पाडते. ती पोचण्याआधी तुकडा कापावा लागतो. तो फार आखूड झाला, तर डावीकडचा सपाट भागच हातून जातो.