लाकडी बॉडीच्या जुन्या मोटारीचा फ्लोअर : खानदेशच्या हवेत काय टिकतं

मंडळी, लाकडी बॉडीची जुनी मोटार दुरुस्तीला घेतली की पहिलं लक्ष जातं दारांच्या पॉलिशकडे, मग छताकडे. फ्लोअर राहतो शेवटी. हा क्रम उलटा हवा. फ्लोअरच्या जाडीवर पेडलची उंची ठरते, सीट किती वर येणार ते ठरतं, दाराच्या उंबरठ्याशी पातळी जुळते की नाही तेही ठरतं. मूळ फ्लोअर १९ मिलिमीटरचा असेल आणि आपण १२ चा टाकला, तर क्लचच्या पेडलला खाली वेगळं अंतर मिळतं, स्टिअरिंग कॉलमची पट्टी बसत नाही, आणि मग एकेक ठिकाणी पॅकिंग मारत बसावं लागतं.

अशा गाड्या निरनिराळ्या घरच्या आहेत. फोर्डने १९२९ मध्ये मॉडेल ए ची लाकडी स्टेशन वॅगन काढली. मॉरिस मायनर ट्रॅव्हलर १९५३ ते १९७१ या काळात बनली. तिच्या मागच्या भागातली अ‍ॅश लाकडाची चौकट शोभेची नाही, भार घेणारी आहे. आपल्याकडे तर चासी, म्हणजे गाडीचा खालचा लोखंडी सांगाडा, विकत घेऊन तिच्यावर सागवानी बॉडी बांधून घेण्याची पद्धतच होती. म्हणून पहिलं काम म्हणजे आपल्या गाडीत फ्लोअर नुसता पाय ठेवायला आहे की बॉडीच्या दोन बाजू बांधून धरतो, हे खाली पडून, टॉर्च लावून बघणं.

आता मुख्य गोष्ट. फ्लोअरचं लाकूड किती कठीण, किती देखणं, यावर निवडू नका. फ्लोअर भिजणारच, हे धरून चाला, आणि भिजल्यावर तो वाळणार कसा यावर निवडा. पाणी दारातून येतं, काचेच्या रबरातून येतं, पेडलच्या फटीतून येतं. आपल्या काळ्या जमिनीचा चिखल क्रॉस मेंबरच्या (चासीच्या आडव्या पट्टीच्या) वरच्या अंगाला जाऊन बसतो आणि आठवडाभर ओल धरून ठेवतो. लाकूड कुजतं ते बहुधा तिथेच, खालून. वरून बघितलं तर फळी धडधाकट दिसते.

त्यात आपली हवा. भुसावळ-जळगावच्या मे महिन्यात सावलीत ठेवलेल्या लाकडातली ओल ६-७ टक्क्यांवर उतरते, ऑगस्टात तेच लाकूड १४ च्या आसपास जातं. सागाचा हिशेब सांगतो. ओल ७ टक्क्यांनी वाढली तर आडवी चिरलेली (टोकाला वलयं आडवी दिसतात ती) १०० मिलिमीटर रुंदीची फळी साधारण १.३ मिलिमीटरने फुगते. गाभ्याकडून उभी चिरलेली (टोकाला वलयं उभी दिसतात ती) फळी ०.७ ने. अशा दहा फळ्या मे महिन्यात घट्ट ठोकून बसवल्या तर ऑगस्टात १३ मिलिमीटर जाणार कुठे? एक तर फळ्या मधून उठतात, नाही तर बाजूची चौकट ढकलून दाराचा सांधा मोकळा करतात. दार लागत नाही म्हणून बिजागरी ठोकत बसणाऱ्याने आधी फ्लोअर बघावा.

तेव्हा भरीव लाकूड वापरायचं असेल तर फळी १०० मिलिमीटरपेक्षा रुंद नको, शक्य तितकी उभ्या चिरेची हवी. उन्हाळ्यात बसवत असाल तर दोन फळ्यांमध्ये दीड मिलिमीटर जागा सोडा, भर पावसाळ्यात बसवत असाल तर टेकवून बसवा. जीभ-खाच केली तर जीभ ६ मिलिमीटर लांब आणि खाच साडेसात खोल, म्हणजे फळी आकसली तरी खालचा रस्ता दिसत नाही. आणि डिंक अजिबात नको. खाचेत डिंक भरला की दहा फळ्यांची एक रुंद फळी झाली, सगळा हिशेब वाया.

लाकूड कुठलं? सागाला तोड नाही, आणि आपल्याला तो मिळण्याची उत्तम जागा म्हणजे पाडलेली धाब्याची घरं. माळवदाखालच्या तुळया आणि कड्या कित्येक दशकं वाळलेल्या असतात. नवीन चिरलेल्या सागाला ते वाळवण नाही. घेताना तीन गोष्टी बघा. भिंतीत रोवलेली दोन्ही टोकं हात-हात कापून टाका, उधई आणि कूज तिथे असते. करवतीवर चढवण्याआधी चुंबक फिरवून खिळे काढा. आणि कडेचा पांढरा भाग फळीत येऊ देऊ नका. सागाचा टिकाऊपणा गाभ्याचा आहे, पांढऱ्या भागाला भुंगा लागतो. सहा फूट बाय चार फुटांच्या फ्लोअरला कच्ची एक इंची फळी धरली तर २ घनफूट लागतात. रंधा आणि तुकड्यांची नासाडी धरून अडीच घनफूट आणा.

सातपुड्याचा धावडा चिवट आहे, अ‍ॅशच्या जागी आडव्या पट्ट्यांना चालतो, पण जड आहे आणि वाळताना चिरतो. अंजन त्याहून जड. अख्खा फ्लोअर अंजनचा करू नका, स्प्रिंगांवर विनाकारण भार येतो. बाभूळ बैलगाडीला शोभते, इथे नको. हेदू गुळगुळीत, सरळ लाकूड आहे, पण गाडीच्या आत, जिथे पाणी थेट लागत नाही तिथेच.

लाकूड वाळलं की नाही हे मीटर नसेल तर काट्यावर काढता येतं. फळीच्या मधला छोटा तुकडा कापा, वजन करा, ओव्हनमध्ये १०३ अंशांवर २४ तास ठेवा, पुन्हा वजन करा. ६० ग्रॅमचा तुकडा ५४ वर आला तर ६ भागिले ५४, म्हणजे ११ टक्के. आपल्याकडे १० ते १२ ही चांगली मधली ओल. वर-खाली दोन्हीकडे सारखी हालचाल मिळते.

मूळ फ्लोअर प्लायचा असेल, किंवा वरून लिनोलियम-गालिचा येणार असेल, तर प्लायच वापरा. मात्र दुकानात ‘वॉटरप्रूफ’ म्हणून जे पुढे सरकवतात ते बघून घ्या. आयएस ७१० हा मरीन, म्हणजे पाण्यात टिकणाऱ्या प्लायचा मानक क्रमांक आहे. आयएस ३०३ हा साधारण कामाच्या प्लायचा. शिक्क्यावर आयएसआय खूण आणि खाली लायसन्स क्रमांक असतो, तो बीआयएसच्या (भारतीय मानक ब्युरोच्या) ‘केअर’ अ‍ॅपवर तपासता येतो. तरीही मोठी ऑर्डर देण्याआधी हातभर तुकडा मागून घ्या आणि उकळा. मरीन प्लायची कसोटी ७२ तास उकळण्याची आहे. घरी दिवसभर उकळून रात्रभर वाळवायचं, असं तीन वेळा केलं तरी खोटा माल थर सोडतो. कापलेल्या कडेला आतल्या थरात पोकळी दिसली तर ती पाटी परत करा. नेमक्या त्या पोकळीत स्क्रू गेला तर पकड नाही, आणि पाणी शिरलं तर बाहेर निघायला वाट नाही.

१२ मिलिमीटरच्या पूर्ण (आठ बाय चार फुटी) पाटीचं वजन २५ किलोच्या आसपास, १९ चं ४० च्या. खालच्या पट्ट्या ३०० मिलिमीटरवर असतील तर १२ पुरतो. त्याहून लांब असतील तर एक जादा पट्टी टाका. प्लायचे वरचे रेषे पट्ट्यांना आडवे जायला हवेत. कापताना पाटी वाचवायच्या नादात हे उलटं केलं जातं आणि फ्लोअर पायाखाली लवतो.

एमडीएफ आणि पार्टिकल बोर्ड नकोच, एका पावसात भुस्सा होतो. पीव्हीसीचे फोम बोर्ड कुजत नाहीत म्हणून मोह होतो, आणि जळगावात प्लास्टिकचा माल हाताशी आहे. पण बंद गाडी मे महिन्याच्या उन्हात उभी असली की आत ६० अंशांच्या पुढे जातं. त्या उष्णतेत हा बोर्ड टाचेखाली हळूहळू बसतो आणि स्क्रू ढिले पडतात. बसच्या फ्लोअरचा दाबून घट्ट केलेला प्लाय मजबूत आहे, पण जड आहे आणि जुन्या गाडीला तो परका दिसतो. चेकर पत्रा तर लाकडी चौकटीवर मारूच नका. पत्र्याखाली घाम धरतो आणि चांगलं लाकूड झाकून कुजतं.

जुना फ्लोअर उपटताना कुजका तुकडासुद्धा फेकू नका. प्रत्येकाला नंबर, पुढची बाजू कुठली त्याचा बाण, आणि फोटो. ५० वर्षांवरच्या गाड्यांच्या २०२१ च्या व्हिंटेज नोंदणी नियमांत गाडी मूळ स्वरूपात असावी ही अट आहे, तेव्हा काय होतं आणि काय बसवलं याची नोंद कामी येते. तुकड्यांवरून ३ मिलिमीटरच्या हार्डबोर्डचे साचे कापा, गाडीत ठेवून बघा, मगच महाग लाकडाला करवत लावा. पेडलच्या खाचेला पेडल पूर्ण दाबून आणि पूर्ण सोडून, दोन्ही स्थितींत चारी बाजूंनी १० मिलिमीटर मोकळीक ठेवा. सायलेन्सरच्या वर फ्लोअरला करडा, पुठ्ठ्यासारखा थर दिसला तर तो अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतो, त्याची धूळ फुप्फुसांना घातक. घासू नका, फुंकू नका, कोरडा तोडू नका. हात लावू नका आणि हे काम जाणणाऱ्याकडून काढून घ्या. त्या जागी अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा, लाकडापासून १२ मिलिमीटर अंतरावर, बुशवर (नळीच्या छोट्या तुकड्यांवर) टांगलेला. उष्णता अडते ती त्या मधल्या हवेने. पत्रा लाकडाला चिकटवला तर उपयोग नाही.

बसवताना लक्षात ठेवा की चासी पिळते. फ्लोअर आणि चासीच्या मध्ये रबर-कॅनव्हासचं पॅकिंग हवं, आणि बोल्ट पूर्ण आवळून लाकूड चेंबवायचं नाही. पितळी स्क्रू ८ नंबरचे, १५० मिलिमीटर अंतरावर. सागात पितळी स्क्रू थेट पिळला की मान तुटते, म्हणून आधी भोक, मग त्याच मापाचा लोखंडी स्क्रू एकदा फिरवून आटे पाडा, काढा, आणि मेण लावून पितळी घाला. फळीतलं भोक स्क्रूपेक्षा दीड मिलिमीटर मोठं ठेवा, म्हणजे फळीला हलायला जागा राहते. बॅटरी, गिअरबॉक्स आणि ब्रेकच्या मास्टर सिलिंडरवरच्या फळ्या कप वॉशर आणि मशीन स्क्रूने बसवा. त्या वारंवार उघडाव्या लागतात, लाकडी आटे दोन-तीनदा उघडल्यावर संपतात.

उधईसाठी बोरॅक्स ३०० ग्रॅम आणि बोरिक अ‍ॅसिड २०० ग्रॅम, १० लिटर कोमट पाण्यात. कापाकापी पूर्ण झाल्यावर बुडवा किंवा भरपूर फिरवा, सावलीत दोन आठवडे वाळवा. हे औषध पाण्याने धुऊन निघतं, म्हणून वर तेल किंवा रंग लागतोच. प्लायच्या कडांना इपॉक्सीचे दोन-तीन हात, स्क्रूच्या भोकांच्या आतूनही. ४० अंशांत इपॉक्सी डब्यातच धरतं. दर १० अंशांना वेळ साधारण निम्मा होतो, तेव्हा पहाटे आणि थोडं थोडं कालवा. भरीव फळीला इपॉक्सी नको, ती हलते आणि थर तडकतो. तिला बेल तेल, म्हणजे उकळलेलं जवसाचं तेल : पहिला हात टर्पेंटाईनमध्ये निम्मं-निम्मं, पुढचे दोन नुसत्या तेलाचे, मध्ये २४ तास. खालून-वरून सारखेच हात द्या, नाही तर फळी वाटीसारखी वाकते. तेल पुसलेली फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. ती आपोआप तापून पेट घेतात, आणि आपल्या उन्हाळ्यात लवकर. पाण्यात बुडवा किंवा एकेक पसरून वाळवा.

वरचं आवरण शेवटी. रबरी मॅट पूर्ण चिकटवली की खालचं पाणी कोंडलं. लिनोलियम जुन्या गाडीला शोभतं, पण पाठीमागचं ताग भिजलं की फुगतं. कडा पितळी किंवा अ‍ॅल्युमिनियमच्या पट्टीखाली दाबा, आणि नुसत्या सोल्युशनवर भरवसा ठेवू नका, उन्हात ते सुटतं. सामान वाहणाऱ्या मागच्या भागात उघड्या फळ्या आणि धातूच्या पट्ट्या हेच सगळ्यात चांगलं. पुढे काथ्याची मॅट किंवा लोकरी गालिचा, टिच बटणांवर, सुटा होणारा. गालिच्याखाली तागाचं नमदं नको. फ्लोअरच्या सगळ्यात खालच्या कोपऱ्यांना १० मिलिमीटरची भोकं पाडून त्यांत आतून इपॉक्सी फिरवा, आणि पहिल्या पावसाळ्यानंतर, साधारण दसऱ्याच्या सुमारास, गालिचा उचलून क्रॉस मेंबरवरच्या प्रत्येक फळीत खालून टोच्या घालून बघा. टोच्या सहज आत गेला तर तेवढी एकच फळी बदला.