फुसांगचा देश आणि नंदीचे जहाज

कोलंबसाच्या हजार वर्षे आधी बौद्ध भिक्षू अमेरिकेला पोहोचले होते, हे विधान आपल्यापैकी अनेकांनी ऐकलेले असेल. त्या विधानाला आधार कोणता आहे, तो किती भार पेलू शकतो आणि त्याच शतकात बौद्ध संघाची माणसे समुद्र कशी ओलांडत होती, हे मी आज मांडणार आहे.

आधार मुख्यतः एकाच नोंदीचा आहे. ‘लिआंग-शू’ या सातव्या शतकात पूर्ण झालेल्या चिनी राजवंशेतिहासात असे म्हटले आहे की, हुइ शेन नावाचा भिक्षू इ. स. ४९९ मध्ये चीनमध्ये आला आणि त्याने पूर्वेकडे फार दूर असलेल्या फुसांग देशाची हकीकत सांगितली. तिथे फुसांग नावाची झाडे विपुल आहेत, त्यांचे कोवळे कोंब लोक खातात, सालीपासून कापड आणि कागद करतात. तिथे लोखंड नाही पण तांबे आहे आणि सोन्याचांदीला मोल नाही. याच नोंदीत पुढे म्हटले आहे की, इ. स. ४५८ मध्ये जिबिन, म्हणजे काश्मीर-गांधाराकडचा प्रदेश, तिथून पाच भिक्षू फुसांगला गेले आणि त्यांनी बुद्धाचा धर्म, ग्रंथ व मूर्ती तिथे नेल्या.

१७६१ मध्ये जोसेफ द गिन्य या फ्रेंच पंडिताने फुसांग म्हणजे अमेरिकेचा पश्चिम किनारा, असा सिद्धांत मांडला. १८३१ मध्ये युलियस क्लाप्रोट यांनी त्याचे खंडन केले आणि फुसांगचा शोध जपानच्या बाजूला घ्यावा असे सुचवले. तरीही एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत या सिद्धांताच्या समर्थनार्थ जाडजूड ग्रंथ निघाले. समर्थकांचा मुद्दा अगदीच पोकळ नव्हता. मेक्सिकोतील घायपाताच्या जातीच्या वनस्पतींपासून खरोखरच कापड आणि कागद होत असे आणि लोखंड वितळवण्याची विद्या तिथे नव्हती. पण तीच नोंद पुढे वाचली की अडचण उभी राहते. फुसांगचे लोक घोडे, बैल आणि हरणे गाड्यांना जुंपतात व हरणांच्या दुधाचे पदार्थ करतात, असे हुइ शेन सांगतो. अमेरिकेतला घोडा हजारो वर्षांपूर्वी नामशेष झाला होता आणि तो परत आला स्पॅनिशांबरोबर. माणसाळलेली गुरेही त्यांनीच आणली. रेनडियर पाळणारे लोक सायबेरियाच्या बाजूचे. नोंदीतले झाड घ्यायचे आणि घोडा सोडायचा, ही निवड मला मान्य होत नाही.

त्याहून महत्त्वाचा प्रश्न जहाजाचा आहे. भिक्षूजवळ स्वतःचे जहाज नसे. व्यापारी ज्या मार्गाने माल नेत, ज्या मोसमी वाऱ्यावर शिडे उभारत, त्याच मार्गाने आणि त्याच वाऱ्यावर भिक्षू जात. म्हणून कोणताही सिद्धांत समोर आला की मी आधी विचारतो: जहाज कोणाचे होते आणि त्यात माल काय होता? फुसांगच्या बाबतीत याला उत्तर मिळत नाही.

भारतयात्रेहून परतणाऱ्या फाहियान या चिनी भिक्षूच्या बाबतीत ते मिळते, आणि तेही त्याच्याच शब्दांत. सिंहलद्वीपात, म्हणजे श्रीलंकेत, दोन वर्षे राहून तो इ. स. ४११ मध्ये दोनशेहून अधिक माणसे असलेल्या व्यापारी जहाजात बसला. दोनच दिवसांनी वादळ आले आणि जहाजात पाणी शिरू लागले. व्यापारी जड माल समुद्रात फेकू लागले, तेव्हा फाहियाननेही आपला पाण्याचा कलश आणि हात धुण्याचे भांडे टाकून दिले. भीती एवढीच होती की हे लोक आपली सूत्रे आणि मूर्तीही फेकतील. त्याने अवलोकितेश्वराचा, म्हणजे करुणेच्या बोधिसत्त्वाचा, धावा केला. तेरा दिवसांनी एका बेटाला लागून जहाजाचे भोक बुजवले गेले आणि पुढे नव्वद दिवसांनी ते जावाकडे पोहोचले. तिथून निघालेल्या दुसऱ्या जहाजाने पन्नास दिवसांची शिधासामग्री घेतली होती, पण सत्तरहून अधिक दिवस किनारा दिसला नाही. स्वयंपाक समुद्राच्या पाण्यावर होऊ लागला आणि पिण्याचे पाणी मोजून वाटावे लागले. अखेर शानतुंगच्या किनाऱ्याला लागल्यावर, तिथे उगवलेल्या ओळखीच्या पालेभाजीवरून त्याने जाणले की हा चीनच आहे.

फाहियानने ज्याचा धावा केला तो अवलोकितेश्वर आपल्या औरंगाबादच्या सातव्या लेण्यात उभा आहे, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना कोरलेल्या आठ संकटांमध्ये फुटणारे जहाजही आहे. सोपारा आणि कल्याण ही बंदरे ज्या भागात गजबजलेली होती, तिथल्या शिल्पकारांना हे भय कोणी समजावून सांगायला नको होते. कान्हेरीच्या शिलालेखांत कल्याणच्या आणि सोपाऱ्याच्या दात्यांची नावे आहेत. विहार आणि बंदर यांचे नाते दगडावर लिहिलेले आहे.

आता जिबिनकडे पुन्हा वळू, कारण तिथल्या एका भिक्षूचा समुद्रप्रवास चांगला नोंदलेला आहे. गुणवर्मन हा जिबिनच्या राजकुळातला. तो सिंहलद्वीप आणि जावामार्गे, नंदी नावाच्या व्यापाऱ्याच्या जहाजातून दक्षिण चीनमध्ये उतरला आणि इ. स. ४३१ मध्ये नानजिंगला पोहोचला. याच नंदीच्या जहाजातून ४२९ मध्ये सिंहली भिक्षुणी चीनला आल्या होत्या. तोवर चिनी भिक्षुणींची उपसंपदा, म्हणजे संघातली पूर्ण दीक्षा, केवळ भिक्षूंच्या संघाकडून झालेली होती. विनयाप्रमाणे, म्हणजे संघाच्या नियमांप्रमाणे, दहा भिक्षुणींचा गणही लागतो आणि आलेल्यांची संख्या त्याला पुरत नव्हती. ४३३ मध्ये नंदीने आणखी अकरा भिक्षुणी आणल्या. आधी आलेल्या एव्हाना चिनी भाषा शिकल्या होत्या. मग नानजिंगमध्ये तीनशेहून अधिक चिनी भिक्षुणींची विधिवत उपसंपदा झाली.

अमेरिकेच्या कथेवर ग्रंथच्या ग्रंथ खर्ची पडले आणि या स्त्रियांची नावेही आपल्या पाठ्यपुस्तकांत नाहीत, याचे मला मनापासून वाईट वाटते. पुढे अकराव्या शतकाच्या सुमारास श्रीलंकेत भिक्षुणीसंघाची परंपरा खंडित झाली, चीनमधली मात्र टिकली. १९९८ मध्ये बोधगयेला श्रीलंकेच्या स्त्रियांना पुन्हा उपसंपदा देण्यात आली, तेव्हा त्या विधीला चिनी परंपरेतल्या तैवानच्या भिक्षुणी उपस्थित होत्या.