राखेतलं थोरियम

(दृश्य : अंधार. पंप मारल्याचा आवाज. हळूहळू उजळणारी गॅसबत्ती.)

टाकीत रॉकेल भरायचं, स्पिरिट पेटवून नळी तापवायची, मग पंप. वरात असो, जत्रेतला तमाशा असो, की रात्रीचं खळं. वीज पोचण्याआधी गावोगावच्या रात्री या फुसफुसणाऱ्या उजेडात पार पडल्या. ज्यांनी ती बत्ती पाहिली आहे, त्यांना मोठ्यांची ताकीदही आठवत असेल : मेंटलला हात लावू नकोस!

पेटलेलं मेंटल म्हणजे राखच. धाग्याची पिशवी पहिल्याच आचेत जळून जाते आणि तिच्याच आकाराचं पांढरं जाळं उरतं. बोट लागलं की भुगा. त्या जुन्या मेंटलांची राख बहुतांशी थोरियम ऑक्साइडची, म्हणजे थोरियम या धातूच्या ऑक्साइडची असायची.

ही युक्ती ऑस्ट्रियाच्या कार्ल आउअर फॉन वेल्सबाख यांची. १८९१ साली त्यांना नेमकं प्रमाण सापडलं : ९९ भाग थोरियम ऑक्साइड, १ भाग सेरियम ऑक्साइड. थोरियम ऑक्साइड वितळायला ३,३०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापमान लागतं. रॉकेलच्या ज्योतीत ते खुशाल टिकतं आणि लखलखतं. उजेड त्याचा, आच मात्र दुसऱ्याची. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

(दृश्य : केरळचा किनारा, काळसर वाळू.)

मेंटलच्या धंद्याला थोरियम हवं होतं. १९०९ साली शोमबर्ग या जर्मन रसायनतज्ज्ञाला त्रावणकोरहून आलेल्या काथ्याला चिकटलेल्या वाळूत मोनाझाइट हे खनिज दिसलं. केरळ, तमिळनाडू, आंध्र, ओडिशा या किनाऱ्यांवर मिळून आज एक कोटी टनांहून जास्त मोनाझाइट असल्याचा अंदाज आहे. शंभर किलो मोनाझाइटमागे साधारण आठ ते दहा किलो थोरियम ऑक्साइड.

धातू म्हणून थोरियम चांदीसारखं असतं, हवेत काळवंडतं. १८२८ साली नॉर्वेत त्याचं खनिज मिळालं. स्वीडनचे रसायनतज्ज्ञ बर्झेलियस यांनी थॉर या देवावरून त्याला नाव दिलं. ते किरणोत्सारी आहे हे कळायला १८९८ साल उजाडलं. मेरी क्युरी आणि गेरहार्ड श्मिट, दोघांनी ते स्वतंत्रपणे शोधलं. त्याचं अर्धायुष्य, म्हणजे निम्मं विघटन व्हायला लागणारा काळ, सुमारे १,४०५ कोटी वर्षं, म्हणजे विश्वाच्या वयापेक्षाही थोडं जास्त. इतक्या संथ गतीने विघटन होत असल्यामुळे मूठभर थोरियमचा किरणोत्सार सौम्य असतो. त्याचे अल्फा कण कातडीवरच अडतात. शरीरात गेलं तर मात्र गोष्ट वेगळी. १९३०च्या दशकापासून एक्स-रेसाठी थोरियम ऑक्साइडचे बारीक कण असलेलं थोरोट्रास्ट नावाचं द्रव रुग्णांच्या रक्तात सोडलं जाई. ते यकृतात साठून राहिलं आणि कित्येकांना वर्षांनी कर्करोग झाला. म्हणूनच सांगावंसं वाटतं : आर्गॉन वेल्डिंगच्या लाल टोकाच्या टंगस्टन रॉडमध्ये साधारण दोन टक्के थोरियम ऑक्साइड असतं. तो ग्राइंडरवर घासताना उडणारी धूळ नाकात जाऊ देऊ नका. लँथेनमवाले रॉड मिळत असतील तर तेच घ्या.

(दृश्य : तुर्भ्याचा किनारा, अणुभट्टीचा घुमट.)

आता ती दुसऱ्याची आच. थोरियम थेट अणुइंधन होत नाही. ओलं लाकूड चुलीच्या कडेला ठेवून वाळवावं, तसं त्याला चालत्या अणुभट्टीत ठेवावं लागतं. बाहेरून आलेला न्यूट्रॉन ते गिळतं, त्याचं प्रोटॅक्टिनियम हे दुसरं मूलद्रव्य होतं, आणि त्यातून काही आठवड्यांत यूरेनियम-२३३ हा यूरेनियमचा एक प्रकार तयार होतो. जळतो तो हा. देशात यूरेनियम बेताचं, थोरियम मुबलक; म्हणून होमी भाभांनी १९५४ साली तीन टप्पे आखले. आधी यूरेनियम, मग त्यातून मिळणारं प्लुटोनियम, आणि शेवटी थोरियम.

थोरियमच्या टप्प्याला इतका उशीर का, असं लोक वैतागून विचारतात. यूरेनियम-२३३ सोबत थोडं यूरेनियम-२३२ही तयार होतं, आणि त्याच्या पुढच्या पिढ्या प्रखर गॅमा किरण सोडतात. त्यामुळे हे इंधन जाड भिंतींआड, यांत्रिक हातांनीच हाताळावं लागतं. शिवाय आधीचे दोन टप्पे पक्के झाल्याशिवाय तिसऱ्याला न्यूट्रॉन पुरवणार कोण? मला ही दिरंगाई वाटत नाही. या धातूचा स्वभावच तसा आहे.

(दृश्य : कल्पाक्कम.)

१९९६ साली तमिळनाडूतल्या कल्पाक्कमला 'कामिनी' ही छोटी अणुभट्टी सुरू झाली. इंधन : थोरियमपासून बनवलेलं यूरेनियम-२३३. शक्ती फक्त ३० किलोवॅट, एखाद्या ट्रॅक्टरच्या इंजिनाएवढी. वीज ती बनवत नाही. तिच्या न्यूट्रॉनांनी अग्निबाणांच्या सुट्या भागांचे आतले फोटो काढले जातात, भाग न उघडता.