लाजपतनगर, दिल्ली : रोजच्या जेवणाचा भाव

दिल्लीत लाजपतनगरला लोक येतात ते बहुतेक सेंट्रल मार्केटमध्ये कपडे घ्यायला. ती गर्दी मागे टाकून आतल्या गल्ल्यांत शिरलं, की दुकानांच्या पाट्यांवर फारसी लिपी दिसू लागते. औषधांच्या दुकानांवर, ट्रॅव्हल एजंटांकडे, नान भाजणाऱ्या तंदूरवरसुद्धा. या व्हिडिओत आपण इथल्याच एका लहानशा अफगाण हॉटेलात जेवायला बसलो आहोत.

काबुली पुलाव येतो. वर गाजराचे गोडसर काप आणि मनुका; मटण भाताच्या ढिगाखाली दडलेलं. त्याच मटणाच्या रश्शात भात शिजतो, त्यामुळे शितागणिक त्याची चव लागते. वेलची, जिरं, खरपूस परतलेला कांदा. तिखट जवळजवळ नाहीच. झणझणीत खाणाऱ्याला सुरुवातीला काहीतरी राहून गेल्यासारखं वाटेल. घाई करू नका, सावकाश खा.

एका ताटात दोघांचं पोट भरतं, आणि बिल पाहून आश्चर्य वाटतं. इतकं स्वस्त कसं?

मला वाटतं, याचं उत्तर गिऱ्हाइकात आहे. वर्षानुवर्षं अफगाण कुटुंबं उपचारांसाठी दिल्लीत येत राहिली. याच भागात खोली घ्यायची, दुभाष्याला घेऊन रुग्णालयाच्या खेपा घालायच्या, आणि परक्या शहरात दोन्ही वेळा बाहेर जेवायचं. अशा माणसांना परवडेल तोच इथला भाव.

त्यांच्याही आधी आले ते घर सोडावं लागलेले. १९७९ मध्ये सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्या, १९९२ मध्ये तिथले अध्यक्ष नजीबुल्ला यांचं सरकार पडलं. दर वेळी माणसं दिल्लीला आली, त्यांत अफगाण शीख आणि हिंदूही होते. मुळात लाजपतनगर वसलं तेच फाळणीच्या निर्वासितांसाठी.

ऑगस्ट २०२१ मध्ये तालिबानने काबूल घेतलं. भारताने अफगाण नागरिकांना आधी दिलेले व्हिसा रद्द केले आणि रुग्णांचा ओघ आटला. म्हणूनच हा व्हिडिओ. या हॉटेलांना आता शहरातल्या खवय्यांची गरज आहे.

पुलावासोबत बोरानी बांजान मागवा : तळलेली वांगी, टोमॅटो, वर लसणाचं दही. आणि मंतू, म्हणजे खिमा भरलेले वाफवलेले मोमो, हवे असतील तर बसल्याबसल्याच सांगून ठेवा; त्यांना वेळ लागतो.