विलीज जीपचा कटआउट बदलताना

ही विलीज एमबी, दुसऱ्या महायुद्धातली जीप. आज तिचा कटआउट, म्हणजे डायनामोचं चार्जिंग आवरणारा रेग्युलेटरचा डबा, बदलायचाय. अमेरिकेत विलीज आणि फोर्डने मिळून अशा 6 लाखांच्या वर गाड्या काढल्या, त्यातल्या कितीतरी बर्माच्या आघाडीसाठी आपल्याकडे आल्या आणि युद्ध संपल्यावर डिस्पोजलमध्ये, म्हणजे जास्तीचा लष्करी माल म्हणून, विकल्या गेल्या. पुढे 1947 मध्ये महिंद्राने मुंबईत विलीजच्या जीपा जोडायला घेतल्या, त्यामुळे हे इंजिन आणि ही 6 व्होल्टची वायरिंग आपल्या जुन्या मेकॅनिक लोकांना पाठ होती.

आता डॅशवरचा अँपमीटर बघा, बॅटरीत किती करंट जातोय ते तो दाखवतो. गाडी चालून बराच वेळ झाला, बॅटरी भरलेली आहे, तरी काटा चार्जकडे लांब जाऊन बसलाय, खाली यायचं नाव नाही. बॅटरीचं पाणी सारखं कमी होतंय, हेडलाइटचे बल्ब उडतायत, आणि व्होल्टमीटर लावला तर 8 व्होल्टच्या पुढे. अशा वेळी बरेच जण आधी बॅटरी चार्ज करणारा डायनामोच उतरवतात, ते चूक आहे. इंजिन चालू ठेवून डायनामोची एफ वायर, म्हणजे त्याच्या आतल्या चुंबकाच्या कॉइलची (फील्डची) वायर, काढायची, चार्जिंग पडलं म्हणजे डायनामो बरा आहे, घोळ कटआउटमध्ये किंवा तिथपर्यंतच्या वायरमध्ये. इथे चार्जिंग पडलं.

झाकण उघडलं की आत तीन कॉइल दिसतात. एक कटआउट रिले, इंजिन बंद झालं की बॅटरीचा करंट उलटा डायनामोत जाऊ नये म्हणून. दुसरी करंट धरून ठेवते, हा डायनामो 40 अँपियरचा आहे. तिसरी व्होल्टेजची, खरी मजा तिच्यात आहे. व्होल्टेज वाढलं की कॉइल पत्ती खाली खेचते, पॉइंट (करंट जोडणारी-तोडणारी टोकं) उघडतात, फील्डच्या वाटेत रेझिस्टन्स येतो, व्होल्टेज पडतं, पॉइंट परत मिटतात, आणि हे एका सेकंदात कितीतरी वेळा चालू असतं, बोट ठेवलं तर पत्तीची थरथर कळते. आपल्या गाडीत ते पॉइंट जळून एकमेकांना चिकटलेत. उघडतच नाहीत, म्हणून डायनामो फुल्ल सुटलाय.

बदलताना पहिलं काम, बॅटरीची मायनस केबल काढा. मग ए (डायनामोची), एफ (फील्डची), बी (बॅटरीची), तिन्ही वायरींना खुणा करा, कारण जुन्या वायरींचे रंग उडालेले असतात. आणि जिथे नवा कटआउट बसणार तिथला रंग खरवडून पत्रा चकचकीत करा, हे मी मुद्दाम सांगतोय, बेसला अर्थ, म्हणजे गाडीच्या पत्र्याशी पक्का वीजजोड, मिळाला नाही तर नवा कटआउटसुद्धा नीट काम करत नाही. बॉनेटवरच्या नंबराच्या शेवटी एस असेल तर गाडीला रेडिओसाठी सप्रेशन केलेलं आहे, म्हणजे पॉइंटच्या ठिणगीची खरखर रेडिओत येऊ नये म्हणून फिल्टर आणि अर्थच्या पट्ट्या दिलेल्या असतात. त्या फेकू नका, होत्या तशाच परत लावा, आता मिळायला अवघड आहेत.

सगळं जोडून बॅटरी लावली की इंजिन चालू करायच्या आधी बी आणि ए मध्ये वायरचा तुकडा क्षणभर टेकवायचा, छोटी ठिणगी दिसली की लगेच काढायचा. याने डायनामोची पोलॅरिटी, म्हणजे प्लस-मायनसची दिशा, बरोबर होते. हे विसरलं आणि पोलॅरिटी उलटी असली तर नवे पॉइंट पहिल्याच दिवशी जळतात.

बाहेरून जुना डबा आणि आत इलेक्ट्रॉनिक सर्किट, असेही रेग्युलेटर मिळतात, ते चालतातही छान. पण या गाडीत पत्ती आणि पॉइंटचाच हवा असं मला मनापासून वाटतं, रस्त्यात अडला तर झाकण उघडून, पॉइंट घासून घरी येता येतं.

व्होल्टमीटर बघताना इंजिन गरम झालेलं आणि कटआउटचं झाकण बंद हवं, नाहीतर आकडा फसवा येतो. आता 7.3 दाखवतोय, 7.2 ते 7.4 म्हणजे उत्तम. स्टार्टर मारल्यावर अँपमीटरचा काटा एकदम चढला, आणि बॅटरी भरत गेली तसा हळूहळू मधल्या शून्याच्या जरा पुढे येऊन थांबला.