नावाचा रकाना

[पडद्यावर: जुना तक्ता. कॅमेरा डावीकडून उजवीकडे सावकाश सरकतो.]

१८६० सालची अमेरिकेची जनगणना. हा गुलामांचा तक्ता. डावीकडे मालकाचं नाव, आडनावासकट, वळणदार अक्षरात. त्याच्यापुढे एका ओळीला एक माणूस. वय, लिंग, रंग. पळून गेलाय का, याला रकाना आहे. आंधळा, बहिरा, वेडा आहे का, यालाही आहे. मूल वर्षाच्या आतलं असलं की वय अपूर्णांकात. वर तीन, खाली बारा: तीन महिन्यांचं बाळ.

गुलामाच्या नावाला रकाना नाही.

[तक्ता पूर्ण पडद्यावर. पाच सेकंद आवाज नाही.]

मार्च २०२० मध्ये कोविडमुळे वॉशिंग्टनच्या नॅशनल अर्काइव्ह्जमधल्या वाचनखोल्या बंद झाल्या. लायब्ररी ऑफ काँग्रेस बंद झाली. न्यूयॉर्कमध्ये हार्लेमच्या शॉम्बर्ग सेंटरलाही कुलूप लागलं. पोर्तो रिकोत जन्मलेल्या आर्तुरो शॉम्बर्ग यांनी कृष्णवर्णीयांच्या इतिहासाची पुस्तकं, कागद, चित्रं आयुष्यभर जमवली. १९२६ साली तो संग्रह दहा हजार डॉलरना घेतला गेला, त्यावर हे सेंटर उभं आहे. त्या इमारतीचं चित्रीकरण आमच्याकडे नाही. आमच्याकडे आहे ते पुण्यातल्या दोन खोल्यांमधलं हे टेबल, हा लॅपटॉप आणि त्याच्या पडद्याचं रेकॉर्डिंग. मधेच अँब्युलन्स ऐकू येते. तो आवाज संकलनात काढलेला नाही.

[पडद्यावर: शोधाची चौकट. टाइप होणारं वर्ष: १८७०.]

आपल्या घराण्याचा माग काढणारे कृष्णवर्णीय अमेरिकन १८७० च्या जनगणनेला येऊन थांबतात. गुलामी संपल्यावरची ही पहिली गणना, सगळ्यांची नावं पहिल्यांदा इथे लागली. तिथून मागे जायचं म्हटलं की भिंत. ते लोकही तिला भिंतच म्हणतात.

भिंतीपलीकडे नावं मिळतात ती मृत्युपत्रांत आणि मालमत्तेच्या याद्यांत. म्हणजे नाव मिळतं, पण किमतीच्या शेजारी. मिशेल ओबामांच्या खापरपणजोबांची आई मेल्विनिया अशीच सापडली. साउथ कॅरोलिनातल्या एका मालकाने १८५० साली मृत्युपत्र केलं. चरखे, विळे, गुरं यांच्या वाटणीत सहा वर्षांची मुलगी. पुढे तिची किंमत लावली गेली, ४७५ डॉलर.

[पडद्यावर: वर्तमानपत्राचं पान. बारीक टाइपाचा उभा स्तंभ.]

आता हे पान जरा जवळून.

न्यू ऑर्लिन्सहून निघणारं 'साउथवेस्टर्न ख्रिश्चन ॲडव्होकेट'. नोव्हेंबर १८७९ पासून त्यात एक सदर यायला लागलं, 'लॉस्ट फ्रेंड्स'. आपल्या भाषेत, ताटातूट झालेली माणसं. वरची सूचना वाचा: वर्गणीदारांना फुकट, बाकीच्यांना पन्नास सेंट. आणि पाद्र्यांना विनंती, की खालची पत्रं चर्चमध्ये वाचून दाखवा, कुणाची गाठ पडली तर आम्हाला कळवा.

पत्रांचा साचा ठरलेला. आधी आईचं नाव. मग भावंडांची. मग मालक कोण होता, तो मेल्यावर वाटणीत कोण कुणाकडे गेलं, कुठल्या दलालाने कुठे नेऊन विकलं. शेवटी: तेव्हा मला अमुक म्हणत, आता माझं नाव हे, पत्ता हा. गुलामी संपून चौदा वर्षं झालेली. काहींनी आईला तीस-चाळीस वर्षांत पाहिलेलं नाही.

१८६० च्या तक्त्यात मालक आधी, माणसं मागे. इथे आई आधी. मालक पत्त्यापुरता.

[स्तंभावरून कॅमेरा खाली. निवेदन नाही. दहा सेकंद.]

डिसेंबर १९०० पर्यंतची अशी अडीच हजारांहून जास्त पत्रं 'हिस्टॉरिक न्यू ऑर्लिन्स कलेक्शन' या संस्थेने नावानिशी शोधता येतील अशी करून ठेवली आहेत, तीही फुकट. गाठी पडल्याच्या बातम्याही येत. थोड्या.

[पडद्यावर: टेबल, चष्मा, उघडी वही, गार झालेला चहा.]

'शोधता येतील अशी' म्हणायला सोपं आहे. स्कॅन म्हणजे नुसता फोटो. हाताने लिहिलेल्या पानातलं नाव कुणीतरी वाचून टाइप केल्याशिवाय ते शोधात येत नाही. १८६५ साली सरकारने मुक्त झालेल्या गुलामांसाठी फ्रीडमेन्स ब्युरो काढला, तो १८७२ पर्यंत चालला. त्याच्या दप्तरात धान्यवाटपाच्या याद्या आहेत, मजुरीचे करार, लग्नाच्या नोंदी, मारहाणीच्या तक्रारी. त्यातली जवळजवळ अठरा लाख नावं पंचवीस हजार स्वयंसेवकांनी उतरवून काढली. ते काम २०१६ साली पुरं झालं. नावांपलीकडचा मजकूर पानापानाने उतरवण्याचं काम स्मिथसोनियन या अमेरिकेतल्या संग्रहालय-संस्थेच्या संकेतस्थळावर चालू आहे. एकाने टाइप करायचं, दुसऱ्याने तपासायचं. कुणीही बसावं. इतिहासाची पदवी लागत नाही, नजर लागते.

लॉकडाऊनमध्ये आम्हीही बसलो. पहिल्या पानाला दीड तास. त्या काळी दोन 'एस' जोडून आले की पहिला लांब ओढत, तो 'एफ'सारखा दिसतो. 'मिस' वाचताना अडखळायला होतं. वरच्यासारखंच असेल तर कारकून 'डी', 'ओ' एवढी दोन अक्षरं लिहून मोकळा. मोडी वाचणाऱ्यांना हे काही नवीन नाही. हात न उचलता लिहिणारे कारकून आपल्याकडेही कमी नव्हते.

[पडद्यावर: मजुरीचा करार. सह्यांची जागा मोठी केलेली.]

हा करार. सही करणाऱ्याला लिहिता येत नाही. वर 'हिज', खाली 'मार्क', मधे एक फुली, आणि दोन्ही बाजूंना नाव आणि आडनाव. नाव कारकुनाने लिहिलेलं, फुली त्याची स्वतःची. ती टाइप कशी करायची, यावर आमच्यात अर्धा तास वाद झाला.

[पडद्यावर: टाइप केलेलं पत्र.]

आणि हा एक कागद आपल्या घरचा. अमेरिकेतले कृष्णवर्णीय समाजशास्त्रज्ञ डब्ल्यू. ई. बी. ड्यु बॉइस यांचे लाखभर कागद ॲमहर्स्टच्या मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाने ऑनलाइन खुले केले आहेत. त्या चौकटीत 'आंबेडकर' लिहून पाहा. १९४६ सालचं पत्र. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे अर्ज केल्याचं बाबासाहेबांनी वाचलंय. भारतातले अस्पृश्यही तसाच विचार करत आहेत, तेव्हा त्या अर्जाच्या दोन-तीन प्रती मिळतील का, असं ते विचारतात. दोन्ही समाजांची स्थिती इतकी सारखी आहे की तिकडचा अभ्यास आपल्याला आवश्यकच आहे, असंही लिहितात. जोतीरावांनी 'गुलामगिरी' अमेरिकेत गुलामीविरुद्ध झटलेल्यांना अर्पण केली, त्याला तेव्हा त्र्याहत्तर वर्षं झाली होती.

ड्यु बॉइस यांचं उत्तर ३१ जुलै १९४६ चं. तुमचं नाव आणि काम ऐकून आहे, अस्पृश्यांविषयी मला पूर्ण सहानुभूती आहे. एका छोट्या संघटनेने निवेदन दिलंय. एनएएसीपी, म्हणजे कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणारी मोठी संघटना, याहून सविस्तर देईल, दिलं तर प्रत पाठवीन.

[दोन्ही पत्रं शेजारी शेजारी. आधी एक सही, मग दुसरी.]

एनएएसीपीने ते निवेदन ऑक्टोबर १९४७ मध्ये दिलं. संयुक्त राष्ट्रांनी पुढे काही केलं नाही. वाचनखोल्याही नंतर टप्प्याटप्प्याने उघडल्या.

[पडद्यावर: पुन्हा करार. कर्सर लुकलुकतोय.]

आमच्या पानावरचं दुसरं नाव अजून लागलेलं नाही. पहिलं अक्षर बहुधा 'एच'. तपासणाऱ्याकडे पाठवलंय.