हेडलाईटच्या काचेआडचं पाणी

मंडळी, आजचा विषय गाडीवाल्यांच्या चांगल्याच ओळखीचा आहे. हौसेनं आफ्टरमार्केट, म्हणजे गाडीच्या कंपनीचे नसलेले, बाजारातले हेडलाईट आणायचे, बसवून घ्यायचे, आणि पहिल्या पावसात किंवा गार पहाटे बघावं तर काचेला आतून वाफ धरलेली. लगेच दोन निष्कर्ष निघतात. माल डुप्लिकेट आहे, हा एक. आणि कुठंतरी फट राहिलीय, सिलिकॉन आणा आणि चहूबाजूंनी बुजवून टाका, हा दुसरा. पहिला कधी कधी खरा निघतो. माझं भांडण दुसऱ्याशी आहे.

कारण हेडलाईट मुळात हवाबंद नसतोच. पूर्वी सील्ड बीम असायचे. काच, परावर्तक आणि फिलामेंट सगळं एकाच बंद गोळ्यात. तो प्रकार आता जवळपास गेला. आजच्या हेडलाईटला पुढं पॉलिकार्बोनेटची काच असते (आपण काच म्हणतो, असतं ते प्लास्टिकच), मागं प्लास्टिकची बॉडी, आणि दोन्ही जिथं जुळतात त्या खाचेत बहुतेक वेळा ब्यूटाइल या चिकट रबराचा पट्टा. दिवा लागला की आतली हवा तापते. २० अंशांवरून ६० अंशांवर गेली तर तिचं आकारमान साधारण १४ टक्क्यांनी वाढू पाहतं. वाट मिळाली नाही तर ती सगळा जोर त्या जोडावर काढणार. दिवा विझला की हवा आकसते आणि बाहेरची आत ओढली जाते. भात्यासारखं हे चालूच असतं. म्हणून बनवणारे मुद्दाम वाट ठेवतात. कुठं वळवलेली रबरी नळी, कुठं टोपीसारखं रबर, कुठं टेफ्लॉनच्या अतिसूक्ष्म छिद्रांच्या पडद्याची चकती. त्यातून वाफ जाते, थेंब जात नाही. हे झाले ब्रीदर. सिलिकॉनची ट्यूब घेतलेला माणूस सगळ्यात आधी हेच बुजवतो, आणि मग आतली ओल कायमची आतच राहते.

तेव्हा हातात काहीही घेण्याआधी ठरवायचं ते एवढंच, की आतलं पाणी दव आहे की गळती. यासाठी एक छोटं गणित करू. ३० अंशांची हवा वाफेनं पूर्ण भरलेली असेल, तर एका घनमीटरमध्ये सुमारे ३० ग्रॅम पाणी असतं. तीच हवा २० अंशांवर आली की जेमतेम १७ ग्रॅम धरू शकते. आता हेडलाईटच्या पोटात १० लिटर हवा आहे असं धरा, म्हणजे मोठाच हेडलाईट झाला. तो ३० वरून २० अंशांवर उतरला, तर सुटणारं पाणी होतं ०.१३ ग्रॅम. ड्रॉपरचा एक थेंब साधारण ०.०५ ग्रॅमचा. म्हणजे दोन-तीन थेंब! काचेवर पसरले तर पातळ धुकं दिसायला तेवढे पुरतात. पण खालच्या कोपऱ्यात डबकं करायला पुरत नाहीत. रोजच्या आत-बाहेरमुळं थोडी भर पडते हे खरं, पण वाट मोकळी असेल तर त्याच रस्त्यानं ती जातेही. ओघळ दिसतायत, तळाशी साचलेलं पाणी गाडी वळवली की हलतंय, तर ते दव नाही. पाणी पाण्याच्या रूपातच आत आलंय.

पातळ धुकं असेल तर दिवे लावून अर्धा-पाऊण तास गाडी चालवा आणि बघा. काचेचा मधला भाग आधी मोकळा होतो, कडा मागून. हॅलोजन बल्ब ५५ वॉटचा, त्यातली बरीचशी शक्ती उष्णता होऊन पुढं काचेवर जाते, त्यामुळं काच लवकर सुकते. एलईडीची उष्णता बहुतांशी मागच्या हीटसिंककडून (उष्णता बाहेर टाकणारा धातूचा भाग) जाते, काच गारच राहते. म्हणून एलईडी हेडलाईटमधलं धुकं रेंगाळलं म्हणून लगेच घाबरू नका. शिवाय अनेक मूळ हेडलाईटच्या काचेला आतून धुकं न धरणारा लेप असतो, स्वस्तातल्या मालात तो बहुधा वगळलेला असतो. तसा हेडलाईट दिसायला कायम थोडा वाईट दिसेल, पण तो बिघडलेला नाही.

गळतीच असेल तर शोध मागून सुरू करा. बल्बमागचं झाकण नीट बसलंय का? त्याचं रबर पिळवटलंय का? हॅलोजनच्या जागी एलईडी बल्ब घातला की त्याचा पंखा मागं येतो, झाकण बसत नाही, मग कुणीतरी ते कापतं किंवा काढूनच ठेवतं. इतक्या गळत्या इथंच सापडतात की काच उघडायची वेळच येत नाही. मग ब्रीदर. नवा हेडलाईट बसवण्याआधी जुना टाकून देऊ नका. दोन्ही पालथे घालून शेजारी ठेवा आणि कुठं कुठं ब्रीदर आहे ते जुळवून बघा. नव्याला नळी जोडायचं तोंड असतं आणि नळीच नसते, असं सर्रास दिसतं. तसं असेल तर जुन्याची नळी काढून नव्याला लावा, काम झालं. बंपर काढताना चाकावरचं आतलं कव्हर परत लावायचं राहिलं असेल, तर चाकाचं पाणी थेट याच तोंडांवर उडतं.

हे सगळं ठीक असेल तरच जोडावर संशय घ्यायचा. हेडलाईट बाहेर काढा, एक सोडून सगळे ब्रीदर टेपनं बंद करा, झाकणं लावा. जोडाच्या कडेनं ब्रशनं साबणाचं पाणी फिरवा आणि उरलेल्या ब्रीदरमधून नळी लावून तोंडानं हलकी फुंकर घाला. कॉम्प्रेसर अजिबात नको, धड जोडही सुटेल. जिथं फेसाचे बुडबुडे बारीक बारीक उमलत राहतात, तिथं ब्यूटाइल पोचलेलं नाही. बहुतेकदा हे कोपऱ्यात असतं, पट्ट्याची दोन टोकं जिथं भिडायला हवी होती तिथं.

आता वॉरंटी असेल तर इथंच थांबा, फोटो काढा आणि हेडलाईट परत करा. काच उघडली की ते दार बंद होतं. वॉरंटी नसेल आणि फट छोटी असेल तर तेवढाच भाग आतून पूर्ण सुकवून, पुसून बाहेरून न्यूट्रल सिलिकॉन भरता येतं. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन घेऊ नका. ते सुकताना ॲसिटिक ॲसिड सोडतं आणि परावर्तकावरच्या ॲल्युमिनियमच्या तलम थराला ते मारक आहे. त्या थराला बोटही लावू नका, पुसला की तो गेलाच. फट लांबवर असेल तर काच काढून खाच साफ करून नवा ब्यूटाइलचा पट्टा अखंड घालावा लागतो, आणि त्याची टोकं वरच्या बाजूला एकमेकांवर घ्यायची, खाली नाही.

सुकवायला झाकण उघडं ठेवून हेअर ड्रायर, तोही कमी आचेवर. हीटगननं बॉडी वाकते. ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या आत टाकण्याचा सल्ला सगळेच देतात. सुकवताना ठीक, पण ज्या पोटात बाहेरची हवा रोज येते तिथं पुडी लवकरच भरून जाते आणि नंतर नुसती पडून राहते. बल्बला टेकली तर आणखी नवं दुखणं. तळाला ड्रिलनं भोक पाडणं हा तर मला शुद्ध अविचार वाटतो. पाणी निथळतं खरं, पण त्याच भोकातून धूळ आणि चाकाचा चिखल आत जातो, आणि परावर्तकावर बसलेली धूळ काढायचा धड उपाय नाही.

दिवे तापलेले असताना प्रेशर वॉशर मारू नका. आतली हवा एकदम आकसते आणि फटीला लागलेलं पाणी ओढून घेते. आणि हेडलाईट एकदा काढून बसवला की झोत हलतो. सपाट जागी गाडी भिंतीसमोर उभी करून दोन्ही झोतांची वरची कड बघा, आणि मागचे स्क्रू फिरवून ती मूळ जागी आणूनच रात्री बाहेर पडा.